डाव्या स्पीकरची जागा

वहिनी, डावा स्पीकर कुठं लावायचा हे आपलं ठरायचं राहिलंच. तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले. तेरावं झालं, पाहुणे धाराशिवला परतले, भाड्यानं आणलेल्या खुर्च्या गेल्या, आणि मी तुमच्या हॉलमध्ये हातात टेप घेऊन भिंतीकडं बघत उभा आहे. भिंतीवर माझी पेन्सिलची खूण आहे. ती तुम्हाला पहिल्या दिवसापासून पटलेली नव्हती. माणसानं जाताना निदान एवढा एक वाद तरी मिटवून जावं. पण नाही. तुम्ही कसल्या मिटवताय!

दादा आतल्या खोलीत आहेत. हॉलमध्ये येतच नाहीत. चहा आत, जेवण आत, पेपर आत. सोफ्याचा डावा कोपरा त्यांचा, त्याच्या उजवीकडची जागा तुमची, दोन्ही जागा तशाच पडून आहेत. टीव्हीवर त्या दिवशी कुणीतरी चादर टाकली, ती अजून तशीच आहे. मंगल मला दोनदा म्हणाली, "तुमचे थोरले भाऊ आहेत, तुम्हीच बोला." आता बायकोला कसं सांगू, की दादांची समजूत घालणं हे खातं कायम वहिनींचं होतं? मला मोजता येतं. तेवढंच येतं. म्हणून मी ठरवलंय, खोक्यात पडलेले ते दोन चिमुकले स्पीकर भिंतीला लावायचे, टीव्ही चालू करायचा आणि दादांना त्यांच्या कोपऱ्यात आणून बसवायचं. ते बसले तर हे घर पुन्हा सुरू होईल. नाहीतर ते त्या आतल्या खोलीतच राहतील, अशी मला खरोखर भीती वाटते.

सुरुवात कुणी केली होती, आठवतंय ना? तुम्हीच. दादा फोर्ज शॉपमधून निवृत्त झाले आणि त्यांनी तो भिंतभर टीव्ही घेतला. पुढचे दोन स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर आपण पिंपरीहून, युसूफभाईंच्या दुकानातून जुनेच उचलले. मग दर गुरुवारी आपला कार्यक्रम ठरला. आपल्या या कारखान्यांच्या पट्ट्यात रविवारचं कौतुक कुणाला, सुट्टी गुरुवारची. सगळं पुणं कामाला लागलेलं असायचं आणि आपण मोशीत पडदे ओढून भरदुपारी पिक्चर बघायचो. मी आणि मंगल खालच्या मजल्यावरून वर यायचो, तुम्ही भाजलेल्या शेंगा मधे ठेवायचात. दादा थोड्या थोड्या वेळानं विचारायचे, "काय म्हणाला तो?" आणि तुम्ही लगेच सांगायचात. मला वाटायचं, दादांना डुलकी लागते. मी त्यांना चिडवायचो पण, "दादा, तिकीट काढून झोपता होय!" ते हसायचे. तुम्ही हसायचा नाहीत.

अशाच एका गुरुवारी तुम्ही शेंगेचं टरफल माझ्यावर फेकून म्हणालात, "भाऊजी, मागं कायच न्हाई ओ. सगळं तोंडावरच आदळतंय. ती बाई मागून हाक मारती, ती पण टीव्हीतनंच मारती." मी म्हणालो, बरोबर आहे, मागं दोन स्पीकर पाहिजेत. झालं. त्या दिवसापासून तुम्ही माझ्या मानगुटीवर बसलात.

मी माझ्या पद्धतीनं कामाला लागलो. एक तक्ता केला. कंपनीतल्या इन्स्पेक्शन शीटसारखाच, खाली सहीच्या जागेसकट. डब्याची उंची, रुंदी, खोली, वजन, किती ओहमचा, मागं खिळ्यात अडकवायला भोक आहे का नाही. आपला सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला, म्हणजे डबा जाडा चालणार नाही. वजनदार घेतला तर बिल्डरची ती पोकळ भिंत स्क्रूसकट खाली येणार. बिनवायरीचे घ्यावेत म्हटलं तर त्यांनाही विजेची वायर लागतेच, मग बिनवायरीचे कसले! आणि अ‍ॅम्प्लिफायरला न झेपणारे घेतले तर तोच तापून बसायचा. हे सगळं मी तुम्हाला अर्धा तास समजावलं. तुम्ही तक्ता हातात घेतलात, उलटा केलात, सुलटा केलात आणि म्हणालात, "स्पीकर आणायचेत का मुलगी बघायला चाललाय?"

खरं सांगायचं तर त्या तक्त्यात एक रकाना कमी होता, आणि तो तुमचा होता.

तुम्ही तळवड्याच्या एका छोट्या कंपनीत अठरा वर्षं स्पीकर ऐकलेत. कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. जोडून झालेला स्पीकर टेबलावर यायचा. त्यातून एक शिट्टी सोडायची, खालच्या घुमण्यापासून सुरू होऊन कान टोचेपर्यंत वर चढत जाणारी. तुम्ही डोळे मिटून ऐकायचं. आत कुठं कागद घासत असेल, डिंक कमी पडला असेल, तार हलत असेल, तर त्या शिट्टीत कुठंतरी बारीकशी घरघर येते. आम्हाला ती सांगूनही कळत नाही. तुम्हाला कळायची. घरघर आली की लाल ठिपका, स्पीकर बाजूला. नाही आली तर पिवळा ठिपका. पिवळा म्हणजे ओके. नोकरी सोडलीत तेव्हा तुमच्या सोबतच्या बायकांनी साडीबरोबर दोन वस्तू दिल्या होत्या, त्या शिट्टीचा पेनड्राइव्ह आणि एक पिवळं मार्कर. साडी तुम्ही एकदाच नेसलात. पेनड्राइव्ह पर्समध्ये कायम.

आणि घरात काय वेगळं होतं? मिक्सर, पंखा, शेजाऱ्यांची स्कूटर, सगळ्यांना तुमचे ठिपके. माणसांनासुद्धा. मी आयटीआय करून गावाकडून आलो तेव्हा तुमच्या दोन खोल्यांत राहायचो, तुम्ही नुकत्याच तळवड्याला लागला होतात. माझ्या पहिल्या कंपनीनं मला तीन महिन्यांत घरी बसवलं. मी कुणाला सांगितलं नाही. रोज डबा घेऊन निघायचो आणि इंद्रायणीच्या काठी बसून राहायचो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी फक्त "वहिनी, पाणी" एवढंच म्हणालो. तुम्ही तांब्या हातात दिलात आणि म्हणालात, "भाऊजी, आवाज घरघरतोय तुमचा. काय झालं?" मी एवढा मोठा घोडा, तिथंच ढसाढसा रडलो. तुम्ही दादांना काही सांगितलं नाहीत. दुसऱ्या दिवशीही डबा भरून दिलात, उलट एक चपाती जास्तच. "काम शोधायला भूक जास्ती लागती," म्हणालात. ती चपाती मी विसरलेलो नाही, वहिनी. तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही, पण विसरलेलो नाही.

आणि मी त्याची परतफेड कशी केली? चाकणला गाड्यांचे पार्ट तपासणारा इन्स्पेक्टर झालो, खिशाला मोजमापाचा व्हर्नियर लागला, केसाच्या जाडीचा फरक पकडायला लागलो, आणि डोक्यात वारं गेलं. एका दिवाळीत सगळे जमलेले असताना म्हणालो, "वहिनी, तुमचं कसलं ओ इन्स्पेक्शन! आकडा नाही, मोजमाप नाही. नुसतं कान लावून बसायचं." सगळे हसले. तुम्हीही हसलात. पण दर महिन्याला वरून खाली येणारी शेंगदाण्याची चटणी तीन महिने आली नाही. मंगलला वाटलं तुमच्याकडचे शेंगदाणे संपले. मला माहीत होतं काय संपलं होतं ते. माफी मागायची ठरवलं आणि राहून गेली. मागितली असती तर तुम्ही "कशाची ओ?" म्हणून उडवून लावली असतीत, हेही माहीत आहे. तरी मागायला पाहिजे होती.

युसूफभाईंच्या दुकानातला तो गुरुवार मात्र मला आयुष्यभर पुरेल. आपण तिघं गेलो होतो. दादा बाहेरच्या बाकावर उसाचा रस घेऊन बसले. युसूफभाई उत्साहात होते. "ताई, बसा. नवीन गाणं लावतो, बास बघा कसला येतोय!"

तुम्ही पर्समधून पेनड्राइव्ह काढलात. "गाणं नको भाऊ. गाण्यात सगळेच चांगले वाटत्यात. हे लावा."

आणि मग ती शिट्टी. खालून वर, खालून वर. समोरचा मोबाइलवाला उठून बघायला आला. एक गिऱ्हाईक कानावर हात ठेवून निघून गेलं. युसूफभाई हात जोडून म्हणाले, "ताई, मेरा धंदा तो रहने दो!" तुम्ही डोळे मिटून, डब्याच्या पाठीवर तळवा टेकवून उभ्या. पहिली जोडी चांगली दणदणीत होती. मला आवडली. तुम्ही म्हणालात, "ह्यो नुसता ढोल हाय. धडधड करायला पुढचे हायत की. मागच्यानं फक्त चाहूल द्यायची. मागं कोणतरी हाय, एवढं कळलं की बास झालं." दुसरी जोडी दिसायला चकचकीत, तिची जाळीच थरथरत होती. तिसरी उत्तम होती, पण जाड. ती मी माझ्या तक्त्यावरून बाद केली, आणि तुम्ही चक्क मान हलवलीत. त्या दिवसातला माझा तेवढा एकच विजय.

चौथे मात्र जमले. वहीएवढे डबे, हातात घेतले तर रिकामे वाटतील इतके हलके, आणि आपल्या खिशाला परवडणारे. युसूफभाईंनी खोकं बांधायला घेतलं, तर तुम्ही म्हणालात, "अजून एक जोडी उघडा." त्यांनी उघडली. चारही स्पीकर ओळीनं मांडून तुम्ही परत शिट्टी लावलीत, आणि एका खोक्यातला एक, दुसऱ्या खोक्यातला एक असे दोन बाजूला काढलेत.

"अहो ताई, जोडी नका ना फोडू!" युसूफभाई कळवळले. "उरलेली जोडी मी कुणाला विकू?"

"ज्याला ऐकू येत न्हाई त्याला."

सगळं दुकान हसलं. आणि तुम्ही, वहिनी, बोलून गेल्यावर एकदम गप्प झालात आणि बाहेर बाकाकडं बघितलंत. ते मी पाहिलं होतं. पाहिलं आणि सोडून दिलं. मला माझीच चिंता पडली होती. मी खोक्यावरचे नंबर वाचत होतो. "वहिनी, नंबर जुळत नाहीत. जोडी म्हणून आलेली जोडी आहे, कंपनीनं काहीतरी बघूनच दिली असेल ना?" तुम्ही पर्सची चेन लावत म्हणालात, "तुमच्या दादाचा आन् माझा तरी नंबर कुठं जुळला हुता? चाललंच की."

युसूफभाई दहाव्याला येऊन गेले. तुमच्या फोटोसमोर टोपी घालून बराच वेळ बसले. मग मला म्हणाले, "ती उरलेली जोडी मी विकलीच नाही. दुकानात लावून टाकली. रोज ऐकतो भाऊ, ताईंना काय खटकलं ते शोधतो. सापडत नाही." मला हसू आलं. त्यांनाही आलं. घरात त्या दिवशी तेवढंच हसणं झालं.

तर स्पीकर आले आणि आपलं जुंपलं. मी टेप काढली. सोफ्याचा मध्य धरला, तिथून डावीकडं उजवीकडं सारखं अंतर, जमिनीपासून सारखी उंची, बसलेल्या माणसाच्या कानापेक्षा बरंच वर. दोन्हीकडं पेन्सिलची फुली मारली. तुम्ही मागं उभ्या राहून बघितलंत आणि म्हणालात, "उजवा राहू द्या. डावा खाली घ्या."

"किती खाली?"

"दोन वीत. आन् जरा आत."

"आणि उजवा वरच?"

"व्हय."

मला हसावं का रडावं कळेना. मी म्हणालो, वहिनी, हे कान आहेत का कर्णफुलं, एक वर एक खाली घालायला? दोन्ही बाजू सारख्या पाहिजेत. तसा नियम आहे. तुम्ही लाडात आलात. "डेव्हिएशन द्या की भाऊजी."

हा शब्द तुम्ही माझ्याकडूनच उचललेला. ड्रॉइंगपेक्षा वेगळा निघालेला, पण गाडीत व्यवस्थित बसणारा पार्ट वरच्या सहीनं चालवून घ्यायचा, त्याला आमच्याकडं डेव्हिएशन म्हणतात. मी तसली सही सहसा करत नाही, यावरून लाइनवरची पोरं मला शिव्या घालतात हे तुम्हाला माहीत होतं. म्हणून तुम्ही कशावरही म्हणायचात. भाकरी वाकडी झाली, डेव्हिएशन द्या. मंगलला माहेरी दोन दिवस जास्त राहायचंय, डेव्हिएशन द्या. मी त्या दिवशी फुशारकीनं म्हणालो, "देतो. फॉर्मवर कारणाचा रकाना असतो. कारण सांगा, सही करतो."

दादा त्यांच्या कोपऱ्यात पेपर वाचत होते. तुम्ही त्यांच्याकडं बघितलंत, मग माझ्याकडं. आणि म्हणालात, "माझ्या कानाला तिथं बरं लागतंय."

"हे कारण होत नाही, वहिनी."

"मग ऱ्हाऊ द्या. पुढच्या गुरुवारी बघू."

पुढच्या गुरुवारच्या आदल्या दिवशी तुम्ही गेलात. त्याबद्दल मी इथं लिहिणार नाही. ते सगळ्यांना माहीत आहे आणि मला अजून नीट बोलता येत नाही.

आज गुरुवार. मंगलला म्हटलं, आज लावून टाकतो. ड्रिल आणलं, सोफ्यावर जुने पेपर अंथरले. डाव्या बाजूला भिंतीवर कॅलेंडर होतं, धूळ बसेल म्हणून काढून घेतलं. त्याच्या मागं पिवळा ठिपका.

तुमच्या मार्करचा. गोल, छोटा, कडा स्वच्छ. तुम्ही कंपनीत द्यायचात तसाच. आणि मग माझ्या लक्षात आलं, इतकी वर्षं स्वयंपाकघरात असलेलं कॅलेंडर हॉलमध्ये आलंच कशाला! त्या मधल्या आठवड्यात कधीतरी तुम्ही जागा ठरवलीत, खूण केलीत आणि मला दिसू नये म्हणून वर कॅलेंडर टांगलंत. मी मोजलं. माझ्या फुलीपेक्षा दोन वीत खाली, वीतभर आत. मला राग आला, खरंच सांगतो. म्हटलं, बाई गेली पण हट्ट सोडला नाही.

बघू तरी या ठिपक्यात काय एवढं आहे, म्हणून मी दादांच्या कोपऱ्यात बसलो. तीन आठवड्यांत तिथं पहिल्यांदाच कुणी बसलं असेल. मान वळवली. ठिपका माझ्या डाव्या कानाशी होता.

तेवढ्यात दादा पाण्याला बाहेर आले. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले, डावी बाजू माझ्याकडं. मी विचारलं, "दादा, चहा टाकायला सांगू?" उत्तर नाही. परत विचारलं. नाही. वाटलं, दुःखात आहेत, बोलायचं नसेल. मी उठलो, त्यांना वळसा घालून पाण्याची बाटली घ्यायला पलीकडं गेलो आणि हळूच म्हणालो, "दादा."

"काय रे?" ते लगेच म्हणाले.

वहिनी, मी नुसती बाटली त्यांच्या हातात दिली आणि ते परत आत गेले. दादांनी सगळी नोकरी फोर्ज शॉपमधल्या, लोखंड ठोकणाऱ्या हॅमरशेजारी काढली. हॅमर त्यांच्या डाव्या हाताला असायचा, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. आणि तुम्ही कायम त्यांच्या उजवीकडं. सोफ्यावर उजवीकडं, लग्नाच्या पंगतीत उजवीकडं, रस्त्यानं चालताना उजवीकडं. मी आलो की तुमचं ठरलेलं वाक्य, "इकडून या भाऊजी, इकडून बसा." मला वाटायचं, तिकडं पंखा चांगला लागतो. "काय म्हणाला तो?" असं ते विचारायचे ते झोपेमुळं नव्हतं. दुकानात तुम्ही बोलून गप्प झालात ते यामुळं. आणि मी त्यांच्यासमोर, ते ऐकत असताना, तुमच्याकडं कारण मागत होतो!

केसाएवढा फरक पकडणारा मी इन्स्पेक्टर, आणि सख्ख्या भावाचा अधू झालेला डावा कान मला इतक्या वर्षांत कळला नाही. तुमच्याकडं आकडा नव्हता. तुम्हाला कळला, तुम्ही सांभाळलात, आणि त्यांच्या तोंडावर कधी येऊ दिला नाहीत. त्या दिवाळीला मी जे बोललो, त्याची माफी मागतो, वहिनी. आता तरी "कशाची ओ?" म्हणू नका.

माझी डावीकडची फुली मी रबरानं पुसली. ठिपक्याशेजारी पेन्सिलनं बारीक अक्षरात लिहिलं, डेव्हिएशन मंजूर. खाली सही केली, तारीख घातली. कारणाचा रकाना मोकळा सोडला. मग तुमच्या ठिपक्याला धक्का न लावता त्याच्या बोटभर वर भोक पाडलं, गिट्टी ठोकली, स्क्रू पिळला आणि स्पीकर टांगला. माझी सही, तुमचा ठिपका, दोन्ही आता त्याच्या पाठीमागं आहेत. उजवा त्याच्या फुलीवरच लावला. उजवा वर, डावा खाली. मंगल दारातून बघून म्हणाली, "अहो, वाकडं झालंय." मी म्हटलं, "ओके आहे."

ड्रिलच्या आवाजानं दादा बाहेर आलेच होते. पेपर, भिंतीचा चुरा, सगळं बघत उभे. "काय चाललंय हे?"

मी त्यांच्या उजवीकडं जाऊन म्हणालो, "वहिनींचं एक काम राहिलं होतं. झालं. जरा बसा, आवाज नीट येतोय का सांगा. मला काय, माझ्या कानाला काही कळत नाही."

त्यांनी सोफ्याकडं बघितलं. मग आले आणि त्यांच्या कोपऱ्यात बसले. मंगलनं टीव्हीवरची चादर ओढून घेतली. अ‍ॅम्प्लिफायरला एक बटण आहे, ते दाबलं की नुसती खरखर सुरू होते आणि एकेका स्पीकरवरून फिरत जाते. पुढचा डावा. दादा जमिनीकडं बघत होते. पुढचा उजवा. मागचा उजवा. ते तसेच. मग डावा.

दादांनी मान वर केली. डावीकडं वळून भिंतीकडं बघितलं. हात कानाकडं गेला, तिथंच थांबला. खरखर पुढं निघून गेली, फेरी मारून परत आली, आणि ते परत वळले. तिसऱ्यांदा तर ती यायच्या आधीच वळून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी तीन आठवड्यांत पाहिलं नव्हतं, आणि त्याच्या आधीसुद्धा किती वर्षांत पाहिलं होतं ते आठवत नाही.

"ही जागा कुणी काढली?" त्यांनी विचारलं.

"वहिनींनी."

ते परत त्या छोट्या डब्याकडं वळले. "तिला माहीत हुतं व्हय," ते म्हणाले. मला नाही, भिंतीला म्हणाले.

मी काही ऐकलंच नाही असं दाखवलं. हे तुमच्याकडूनच शिकलो. मंगल शेंगा भाजायला आत गेली. मी पिक्चर लावला, पडदे ओढले, आणि कुठं बसावं कळेना म्हणून जरा उभाच राहिलो. दादांनी न बघता त्यांच्या उजवीकडच्या गादीवर हात आपटला. मी तुमच्या जागेवर बसलो.

पिक्चर सुरू झाला. कुणीतरी काहीतरी बोललं. दादांनी सवयीनं विचारलं, "काय म्हणाला तो?"

मी सांगितलं. तुम्ही सांगायचात तसंच, आख्खं वाक्य.

दादा वळून माझ्याकडं बघायला लागले. "आवाज घरघरतोय रे तुझा," ते म्हणाले. "काय झालं?"

"काही नाही, दादा," मी त्यांच्या उजव्या कानाशी म्हणालो. "ओके आहे."